यारीवाल्याची झोप

दगडांनी भरलेली बकेट विहिरीच्या काठाला लागायला थोडंच अंतर उरलं होतं, आणि तेवढ्यात अण्णाचा डोळा लागला.

फार वेळ नाही. पापणी खाली आली आणि वर गेली, एवढंच. पण त्याचा पाय बकेट ओढणाऱ्या यारीच्या ब्रेकवर होता, आणि झोपलेल्या माणसाच्या पायात जोर नसतो. ड्रम उलटा फिरला. तारेचा दोर कप्पीवरून करकरत सुटला, बकेट भिंतीला आपटून कलंडली आणि तिच्यातले दगड खाली गेले. त्या आवाजाने अण्णा जागा झाला. त्याने ब्रेक दाबला. दोर थरथरत थांबला. खालून काहीच ऐकू येईना. इंजिन तेवढं धकधकत होतं.

"बोला रे," अण्णा खाली वाकून म्हणाला. "कुणीतरी बोला."

खाली दोघं होते. अण्णाचा मुलगा आणि सुरुंगवाला.

"आहोत," सुरुंगवाल्याचा आवाज आला. "पोराच्या पायावर आलाय एक. थांब, मी वर येतो. तू कशाला हात लावू नको."

तो भिंतीत ठोकलेल्या सळयांना धरत वर आला. अण्णाच्या वयाचाच माणूस. आयुष्यभर दोघांनी मिळून विहिरी खणल्या होत्या. वर येऊन त्याने अण्णाच्या दंडाला धरलं आणि त्याला यारीच्या बैठकीवरून उठवलं. एक शब्द बोलला नाही. स्वतः बसला, बकेट खाली सोडली, आणि मुलाला वर काढलं. मुलाच्या बुटातून रक्त गळत होतं. पायाची दोन बोटं चेचली होती.

विहीरमालक मोटारीच्या खोलीतून धावत आला. पाय बघून झाल्यावर तो अण्णाच्या अगदी जवळ उभा राहिला आणि त्याने नाकाने एक श्वास ओढला.

"अण्णा, घेतली होती का थोडी?"

"नाही."

"नाही, म्हणजे उन्हाचं होतं एखाद्याला."

"मी घेत नाही," अण्णा म्हणाला.

हो म्हणाला असता तर बरं झालं असतं. लोकांना ते पटलं असतं. भर दुपारी, इंजिनाच्या धडधडाटात, पोटचा पोरगा खाली असताना माणूस नुसताच कसा झोपतो, हे कुणाला सांगायचं आणि काय सांगायचं.

दिवसही असे होते की हात थांबवून चालणार नव्हतं. उन्हाळा वर चढत होता, पाणी खाली जात होतं, आणि प्रत्येकाला आपली विहीर पावसाच्या आत आणखी खोल करून हवी होती. यारी रिकामी राहील असा दिवस नव्हता.

घरी सून पाय धूत बसली. ती विहीर खणणाऱ्यांच्याच घरातली. लग्नाआधी बापाबरोबर तिने खडक भरले होते. वरून काय पडतं आणि पडल्यावर काय उरतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिने पट्टी बांधली, पाणी फेकून आली, हात पुसले आणि सासऱ्यासमोर उभी राहिली.

"मामंजी, एक बोलू का?"

"बोल."

"ह्यांना मी विहिरीत पाठवीन. ते त्यांचं काम आहे. पण यारीवर तुम्ही असाल तर नाही पाठवणार."

मुलगा म्हणाला, "अगं, काय बोलतेस." पण तेही सवयीने. त्याच्या आवाजात रागावणं नव्हतं.

अण्णाने बायकोकडे पाहिलं. ती काहीतरी बोलेल, सुनेला गप्प करेल, असं त्याला वाटलं. बायको धान्य निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं.

"बरोबर बोलली ती," बायको म्हणाली. "मीच आधी बोलायला हवं होतं. हे झोपतच नाहीत रात्री."

"मी झोपत नाही? सगळी गल्ली म्हणते मी घोरतो."

"घोरता, आणि मग थांबता. श्वास थांबतो तुमचा. मी मोजत पडते. मग ढोसलं की हिसका देऊन पुन्हा सुरू होतो. एवढी वर्षं मी काय मजा म्हणून ढोसत होते तुम्हाला?"

अण्णाला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते वेगळंच, आणि ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. न्हाव्याच्या खुर्चीत त्याला झोप लागायची. घास हातात असताना लागायची. एकदा मोटारसायकल चालवताना लागली होती, आणि जाग आली तेव्हा गाडी उसात होती. तेव्हा घरी त्याने कुत्रं आडवं आल्याचं सांगितलं होतं.

मोठ्या दवाखान्यात एक रात्र त्याला झोपवून बघितलं. अंगाला वायरी लावल्या, बोटाला चिमटा लावला. सकाळी डॉक्टरने त्याला आणि बायकोला समोर बसवलं. तरुण डॉक्टर होता, पण घाई नव्हती त्याला.

"तुमचा गळा झोपेत मिटतो," तो म्हणाला. "हवा आत जात नाही. जीव घाबरा होतो, तुम्ही अर्धवट जागे होता, गळा उघडतो, पुन्हा झोपता, पुन्हा मिटतो. रात्रभर हेच. तुम्हाला वाटतं झोपलो. तुम्ही रात्रभर कुस्ती खेळता."

"म्हणून दिवसा?"

"म्हणून दिवसा. आणि हे असंच चाललं तर उद्या हृदयावर येईल."

उपाय म्हणून त्याने एक यंत्र दाखवलं. डब्याएवढं. त्याला नळी, नळीला तोंडावर बसवायचा मुखवटा, मुखवट्याला डोक्यामागून आवळायचे पट्टे. यंत्र हवा ढकलणार आणि ती हवा गळा मिटू देणार नाही.

"किती दिवस लावायचं?" अण्णाने विचारलं.

"जितके दिवस झोपणार, तितके दिवस," डॉक्टर म्हणाला. "रोज, आणि सकाळपर्यंत. थोडा वेळ लावून काढून ठेवलं तर उरलेली रात्र पुन्हा कुस्तीच."

यंत्र घरी आलं आणि खाटेशेजारी स्टुलावर बसलं. पहिल्या रात्री अण्णाने मुखवटा चढवला, बायकोने पट्टे आवळले, बटण दाबलं. नाकातोंडात वारा घुसला. बाहेर सोडायचा श्वास बाहेर जाईना, कुणीतरी छातीवर बसून तोंडात फुंकतंय असं झालं. त्याने दोन्ही हातांनी मुखवटा ओढून काढला. त्या ओढाताणीत कानही सोलवटला.

"विहिरीत गॅस भरल्यासारखं होतं," तो धापा टाकत म्हणाला. त्याने तसं एकदा अनुभवलं होतं, तरुणपणी, एका जुन्या विहिरीत.

दुसऱ्या रात्री त्याने लावला आणि बायकोला झोप लागल्यावर काढून ठेवला. तिसऱ्या रात्री लावलाच नाही. पुढे बायकोने यंत्रावर धूळ बसू नये म्हणून एक कापड टाकलं, आणि कापड टाकलेली वस्तू घरात असते तशी ती राहिली.

विचारलं की अण्णा म्हणायचा, "चाललंय की."

कामावर मुलगा यारीवर बसू लागला. पायाला पट्टी, बुटाचं पुढचं टोक कापलेलं. खाली सुरुंगवाल्याच्या जोडीला त्याचा मेहुणा आला. अण्णाला खाली उतरवणं शक्य नव्हतं, त्याचं पोटच बकेटीत मावलं नसतं. मग उरलं ते वरचं काम. बकेट काठावर ओतली की तो ढीग फावड्याने मागे ओढायचा, घमेल्यात भरायचा आणि लांब नेऊन टाकायचा. हे काम नव्याने आलेल्या माणसाला देतात. अण्णाने ते ओठ मिटून केलं. तळहाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. शर्ट पाठीला चिकटून वाळायचा आणि पाठीवर मिठाचा नकाशा उमटायचा.

एका दुपारी तो फावड्याच्या दांड्यावर हनुवटी टेकवून उभा होता. बकेट आली, ओतली गेली. दगड त्याच्या पायापाशी घरंगळत आले तरी तो हलला नाही. विहीरमालकाच्या शेतावरच्या बायका बांधावरून जात होत्या. त्या थांबल्या. एक दुसरीला म्हणाली, "बाई, घोडा झोपतो तसा झोपलाय गं उभ्या उभ्या."

त्यांच्या हसण्याने अण्णा जागा झाला. मुलाने मान दुसरीकडे वळवली होती. त्याने हसणं ऐकलंच नाही असं दाखवलं. अण्णाला बायकांच्या हसण्यापेक्षा ते वळलेलं मानगूट जास्त लागलं.

त्याच आठवड्यात दवाखान्याची सिस्टर घरी आली. यंत्र दिलेल्या माणसांच्या घरी जाऊन बघायचं, हे तिचं काम होतं. उन्हातून स्कूटरवर आलेली, तोंडाला रुमाल बांधलेली, ठेंगणी बाई. ती पाणी प्यायली आणि सरळ खाटेकडे गेली. कापड उचललं.

"झोपवलंय का याला?" ती म्हणाली.

"लावतो की मी," अण्णा म्हणाला.

"नाही लावत," बायको म्हणाली.

सिस्टरने दोघांकडे बघितलं. ती रागावली नाही. स्टुलावरचं यंत्र उचलून तिने स्टूल अण्णासमोर ओढलं आणि बसली. "काय होतं लावल्यावर, ते सांगा. खरं सांगा. लावणारी निम्मी माणसं आधी काढूनच फेकतात."

हे ऐकून अण्णाला जरा बरं वाटलं. त्याने सांगितलं. छातीवर बसल्यासारखं होतं. तोंड कोरडं पडतं. आणि हवा फुर्रकन डोळ्यांत जाते.

"लावा बघू आत्ता."

त्याने लावलं. हवा सुरू झाली आणि मुखवट्याच्या वरच्या कडेने फुरफुरली. सिस्टरने पट्टे ओढले, सैल केले, मुखवटा वर सरकवला, खाली सरकवला. मग मागे सरून तिने अण्णाच्या मिशीकडे पाहिलं.

ती मिशी साधी नव्हती. गालांपर्यंत गेलेली, तेल लावून टोकं वर वळवलेली. पाच गावांत यारीवाला म्हटलं की लोक आधी ओठावर हात फिरवून दाखवायचे.

"हवा इथून गळते," सिस्टर म्हणाली. "मिशीखाली मुखवटा बसत नाही."

"छोटी करू थोडी," बायको म्हणाली.

"छोटी करून नाही भागणार."

अण्णाने मुखवटा काढला. "मिशी जाणार नाही," तो म्हणाला.

"बरं," सिस्टर म्हणाली. "मग एक सांगा. डॉक्टरांनी यंत्र मिशीला दिलंय की तुम्हाला?"

आतल्या खोलीतून सुनेचा हसू दाबल्याचा आवाज आला. अण्णाने तिकडे बघितलं नाही.

निघताना सिस्टरने यंत्राचा जोर सुरुवातीला कमी राहून हळूहळू वाढेल असं करून दिलं. आणि एक गोष्ट सांगितली. "रात्री एकदम लावू नका. दिवसा लावा. जागेपणी. हातात काहीतरी काम घ्या आणि लावून बसा. अंगाला कळू दे की हे आपल्याला मारत नाही. मग रात्र आपोआप येईल."

विहिरीवर सुरुंग लावायचा दिवस असला की यारी बंद असे. तशा एका सकाळी अण्णाने खाट दारासमोर ओढली, खिडकीतून वायर बाहेर घेतली, मुखवटा चढवला आणि तारेचा जुना दोर मांडीवर घेऊन बसला. दोराची तुटलेली तार शोधायची, ती काढायची, शेजारची सरळ करायची, ग्रीस चोपडायचं. हे काम त्याच्या बोटांना न बघता येत होतं. बोटं दोरावर फिरत राहिली. वारा नाकात येत राहिला. दर थोड्या वेळाने जीव गुदमरल्यासारखा होई, तेव्हा तो एक तार जास्तच जोरात पिळायचा.

गल्लीतून जाणारी माणसं थबकत. एकाने विचारलं, औषध फवारायला निघालात का. अण्णाने उत्तर दिलं, पण मुखवट्यातून नुसतं घूं घूं झालं. माणूस घाबरून निघून गेला.

दुपारी सुरुंग उडवून सुरुंगवाला आला. खाटेच्या कडेला बसला, दोराचं दुसरं टोक मांडीवर घेतलं आणि तोही तारा चाचपू लागला. अपघातानंतर दोघांमध्ये कामापुरतंच बोलणं होत होतं.

"हत्ती दिसतोस," शेवटी सुरुंगवाला म्हणाला.

अण्णाने घूं केलं.

"मी त्या दिवशी तुला बोललो नाही काही. कारण बोललो असतो तर लई बोललो असतो." त्याने ग्रीसचा बोळा उचलला. "पोरगा तुझा होता म्हणून तू वाचलास. माझा असता तर मी तुला ढकलला असता आत."

अण्णाने मान हलवली. त्याला मुखवटा काढून काहीतरी म्हणायचं होतं. हात पट्ट्यापर्यंत गेला सुद्धा. मग तो परत दोरावर आला.

"राहू दे, काढू नको," सुरुंगवाला म्हणाला. "बसल्यापासून बघतोय, वरून हवा गळते तुझी."

दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णाने पाण्याने भरलेली बादली अंगणात घेतली, आरसा खिडकीच्या गजाला अडकवला आणि आधी कात्रीने, मग वस्तऱ्याने मिशी काढली. कुणाला उठवलं नाही. बायको बाहेर आली तेव्हा तो तोंड धूत होता. तो वळला. तिच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

लग्न झालं तेव्हाही त्याला मिशी होती. वरचा ओठ तिने कधी पाहिलाच नव्हता.

"असे आहात होय तुम्ही," ती म्हणाली.

"कसा?"

"काही नाही. बरे आहात." आणि ती घाईने आत गेली. आत सुनेला काहीतरी सांगितलं आणि दोघी भांडी पडल्यासारख्या हसल्या.

कामावरही दोन दिवस हसण्यात गेले. विहीरमालकाने त्याला ओळखलंच नाही, नवा गडी समजून पाणी आणायला सांगितलं. अण्णाने आणून दिलं. पण मुखवटा आता चेहऱ्यावर बसत होता. हवा गळत नव्हती. दिवसा दोर घेऊन बसण्याची सवय झाली होती, आणि एका दुपारी दोर हातात असतानाच तो मागे टेकला. जाग आली तेव्हा संध्याकाळ झाली होती, मुखवटा तोंडावरच होता आणि कुणीतरी त्याच्या पायांवर चादर टाकली होती.

मग रात्र आली, सिस्टर म्हणाली होती तशी.

पहिली पूर्ण रात्र बायकोला मात्र झोप लागली नाही. इतक्या वर्षांचा आवाज बंद झाला होता. यंत्राची बारीक सुरसुर तेवढी ऐकू येत होती. तिने दोनदा उठून त्याच्या छातीवर हात ठेवला. छाती वर जात होती, खाली येत होती, पुन्हा वर जात होती. मध्ये खाडा नाही. ती हात तसाच ठेवून बसली.

सकाळी अण्णा उठला तेव्हा गालांवर पट्ट्यांचे वळ होते. तो चहा घेऊन दारात बसला, आणि अर्धा कप झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की डोकं दुखत नाही. सकाळी डोकं दुखतं ही गोष्ट तो धरूनच चालला होता, जशी सकाळी दाढी वाढलेली असते. आज दुखत नव्हतं. त्या दिवशी फावडं हलकं लागलं, आणि बांधावरच्या बायका जाताना त्याने त्यांना आधी बघितलं.

मग त्याने ते काम अंगावर घेतलं, यारी अंगावर घेतली होती तसं. मुखवटा रोज सकाळी साबणाच्या पाण्यात धुवायचा, सावलीत वाळवायचा. हवा आत घेतो तिथली जाळी झटकायची. यंत्राच्या डब्यात पाणी घालायचं, उकळून गार केलेलं. सुनेने एकदा मुखवटा धुवायला घेतला तर त्याने तो तिच्या हातातून काढून घेतला. "हत्यार ज्याचं त्यानं साफ करायचं," तो म्हणाला. ती थांबून बघत राहिली.

मुलगा आणि सुरुंगवाला आपसात बोलले होते. मुलाला यारी नीट जमत नव्हती. तो झटक्याने ब्रेक मारायचा आणि बकेट हिंदकळायची. एका रात्री जेवताना मुलानेच विषय काढला. "अण्णांना बसवू परत. मी खाली जातो."

सगळ्यांनी सुनेकडे बघितलं. तिने भाकरी मोडली.

"ढीग ओढताना पेंगतात का अजून?" तिने नवऱ्याला विचारलं.

"नाही."

"जेवल्यावर?"

"नाही. परवा जेवल्यावर मीच झोपलो होतो. त्यांनी उठवलं मला."

"मग बसू देत," ती म्हणाली. पण ते खाली बघून म्हणाली.

अण्णा यारीवर बसला. पहिल्या बकेटीला त्याचा पाय ब्रेकवर इतका आवळला होता की पोटरीत गोळा आला. दुपारपर्यंत पाय सैल झाला आणि दोर पूर्वीसारखा सुटू लागला, एकसारखा, पाणी ओतावं तसा. खालून सुरुंगवाला ओरडला, "आता कसं."

असे बरेच दिवस गेले. आणि मग बायकोचा भाऊ मुक्कामाला आला.

मेहुणा बोलका माणूस. जेवताना त्याने अण्णाच्या सफाचट ओठावरून एवढ्या गमती केल्या की सुनेला ताट घेऊन आत जावं लागलं. त्याची खाट अण्णाच्या शेजारीच टाकली. झोपायची वेळ झाली तेव्हा अण्णाने स्टुलावरचं यंत्र पायाने हळूच खाटेखाली सरकवलं. मिशीवर एवढं, तर सोंडेवर किती. एका रात्रीने काय होतंय. बायकोने ते पाहिलं. तिचाच भाऊ होता, तिलाही लाज वाटली. ती दिवा मालवून आत गेली.

सकाळी डोकं दुखत होतं. मेहुणा म्हणाला, "काय घोरता हो तुम्ही, मी पार बाहेर जाऊन झोपलो."

विहिरीवर मुलगा आणि सुरुंगवाला तयार होऊन उभे होते. मुलाने एक पाय बकेटीत टाकला. विहीरमालक पण होता, शेजारच्या शेतातली दोघं-तिघं माणसंही पाणी लागलं का बघायला आली होती. अण्णा बैठकीवर बसला. इंजिन सुरू केलं. सकाळच्या त्या गार वाऱ्यातही त्याला पापणीच्या आत वाळू जाणवली. ती वाळू त्याच्या जुन्या ओळखीची होती.

त्याने इंजिन बंद केलं.

"काय झालं?" मुलगा म्हणाला.

"पाय काढ बाहेर. आज मी बसत नाही."

"बरं नाही का?"

"रात्री यंत्र लावलं नाही." सगळे ऐकत होते. अण्णाला वाटलं होतं की हळू बोलता येईल, पण इंजिन थांबल्यावर सगळं लांबपर्यंत ऐकू जातं. "पाहुणा होता. लाज वाटली म्हणून नाही लावलं."

विहीरमालक वैतागला. "अहो, एक रात्र. तुम्ही तर ठणठणीत दिसता. आज एवढी माणसं खोळंबलीत."

"मला कळतं मी कसा आहे," अण्णा म्हणाला. तो उतरला, ढिगाऱ्याकडे गेला आणि फावडं उचललं. मुलगा यारीवर बसला. खाली सुरुंगवाला एकटाच गेला. काम रखडलं. बकेट दिवसभर हिंदकळत राहिली. मालक शेवटपर्यंत धुसफुसत होता, आणि अण्णाने डोळ्यांतली वाळू घामाने धुऊन काढत ढीग ओढला. दुपारी तो सावलीत बसला नाही. बसला असता तर झोपला असता.

घरी आल्यावर त्याने खाटेखालून यंत्र काढलं, मेहुण्यासमोर पुसलं आणि स्टुलावर ठेवलं. मेहुण्याने विचारलं हे काय. अण्णाने सगळं सांगितलं, पोराच्या बोटांपासून. मेहुणा हसला नाही. म्हणाला, "आमच्याकडेही एक आहे असा. ट्रक चालवतो." आणि यंत्राचं नाव विचारून घेतलं.

स्वयंपाकघरात मुलगा बायकोला दिवसभराची हकिकत सांगत होता. सगळ्यांसमोर बोलले, मालकासमोर बोलले, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. सून पोळपाटावरून मान वर न करता ऐकत होती.

त्यानंतर काही दिवसांनी सुरुंगवाल्याला ताप भरला. आधी खाली उतरायचा तो त्याचा मेहुणाही गावी गेलेला. विहिरीत फोडलेला खडक गुडघाभर पडला होता, कडेने पाझर दिसू लागला होता, आणि मालकाचा निरोपावर निरोप. मुलगा एकटा भरणार किती. माणूस मिळेना, मिळत होता तो विहिरीत उतरायला तयार होईना.

"मी येते," सून म्हणाली.

"तू?" मुलगा म्हणाला.

"बापाच्या विहिरीवर भरलंयच की मी. हात विसरत नाहीत." तिने चुलीवरचं भांडं उतरवलं. "तुम्ही आणि मी खाली. यारीवर मामंजी."

अण्णा दारात मुखवटा धूत होता. त्याने ऐकलं. पट्ट्यांमधला साबण काढत राहिला, काढून झाला तरी काढत राहिला.

विहिरीवर तिने पदर कमरेला घट्ट खोचला, डोक्याला नवऱ्याचं जुनं फडकं बांधलं, त्यावर लोखंडी टोपी घातली. आधी मुलगा उतरला. मग बकेट वर आली. ती तिच्यात बसली आणि दोन्ही हातांनी तार धरली. तिच्या बोटांची कांडी पांढरी झालेली अण्णाला दिसली. तिने वर बघितलं नाही, खालीही बघितलं नाही. अण्णाच्या डोळ्यांकडे बघितलं, सरळ, नीट न्याहाळून, जसं दोर वापरण्याआधी बघतात.

"सोडा," ती म्हणाली.

अण्णाने सोडलं. दोर कप्पीवरून एकसारखा उतरला. टोपी लहान होत गेली, उन्हाची रेघ ओलांडून सावलीत गेली. तळाला बकेट टेकली तेव्हा आवाज सुद्धा झाला नाही. दोर सैल पडला.

थोड्या वेळाने खालून तिचा आवाज आला. "ओढा."

त्याने ओढलं. दिवसभर ओढलं. जेवणानंतरच्या उन्हात बांधावरची झाडं, मालक आणि मालकाचा कुत्रा असे सगळे सुस्तावले. इंजिन त्याच एका सुरात धकधकत राहिलं. अण्णाची नजर दोरावर होती, दोर काठाला घासतो त्या जागेवर, आणि त्याला कुठेही जायचं नव्हतं.

ऊन कलल्यावर ती वर आली. भुवयांपासून पायापर्यंत दगडाच्या भुकटीने पांढरी झालेली, घोट्यापर्यंत चिखलात. बकेट काठावर टेकली. तिने तार सोडली, उतरली आणि हाताच्या मुठी उघडझाप करत उभी राहिली.

"पाझर वाढलाय," ती म्हणाली. "उद्या उन्हाच्या आत निघू या. फटफटायलाच."

"निघू," अण्णा म्हणाला. त्याने इंजिन बंद केलं आणि ताडपत्री ओढायला उठला. "मग मी आज लवकर झोपतो."